दोन पट्ट्या, दोन रंग
जुन्या ट्रॅक्टरचा मूळ रंग शोधताना आलेला अनुभव



गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाला, की आपल्याकडे डागडुजीचे दिवस सुरू होतात. कोणी ट्रेलरचे पाटे बदलतो, कोणी मोटारीचे वायंडिंग करून घेतो. या दिवसांत आमच्याकडे सभासदांचे जे प्रश्न येतात ते बहुधा बेण्याचे, खताचे, नाहीतर बिलाचे असतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र मोशीकडच्या एका जुन्या सभासदांकडून निराळाच निरोप आला. "जुना ट्रॅक्टर रंगवायचा आहे. रंगावरून घरात भांडण लागलंय. तुम्ही या आणि काय ते सांगा."

आम्ही गेलो. सांगण्यासाठी गेलो आणि शिकून आलो. ते शिकलेले या अंकात मांडत आहोत, कारण अशी जुनी यंत्रे आपल्या कित्येक सभासदांच्या गोठ्याशेजारी उभी आहेत.

जमीन गेली, ट्रॅक्टर राहिला

पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना १९५४ साली आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीची राने एकामागून एक कारखान्यांखाली गेली. नंतर चाकणची पाळी आली. ज्या वावरात ऊस, ज्वारी, हरभरा उभा असे तेथे आज पत्र्याच्या शेड आहेत. इंद्रायणीच्या आणि भामेच्या काठी जी थोडी बागायत उरली तिच्या जोरावर आमचे हे सभासद अजून कारखान्याला ऊस घालतात.

या घरात तिघे माणसे मुख्य. नाना म्हणजे आजोबा, वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांचे चिरंजीव शेती पाहतात. नातू चाकणला मोटारींच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे. गोठ्याच्या कडेला पिंपळाखाली एक बुटका, लहान ट्रॅक्टर उभा. नानांच्या वडिलांनी तो १९६३ च्या सुमारास दुसऱ्या हाताने घेतला होता. आज ज्याला आपण बागेतला छोटा ट्रॅक्टर म्हणतो, साधारण त्याच अंगाचा. उसाच्या सरीत नाही, पण पेरूच्या आणि अंजिराच्या बागेत तो फिरायचा. पंधरा वर्षे बंद होता. नातवाने इंजिन खोलून, रिंगा-पिस्टन बदलून तो चालू केला. आता रंग बाकी राहिला होता.

नाना म्हणाले, "तांबडा. आमचा ट्रॅक्टर तांबडा होता."

नातू म्हणाला, "नाना, हा फर्ग्युसन आहे. कंपनीतून राखाडी यायचा. मी चित्रं पाहिलीत."

"चित्रं तू पाहिलीस, ट्रॅक्टर मी पाहिलाय," नाना म्हणाले. भांडण ते हेच.

रंग म्हणजे ओळख

शहरातल्या माणसाला हे भांडण पोरकट वाटेल. शेतकऱ्याला वाटणार नाही. बांधावर उभे राहून दूरच्या रानात कोणाचा ट्रॅक्टर चालला आहे हे आपण रंगावरून सांगत आलो. महिंद्राचा बी-२७५ तांबडा, मद्रासच्या टॅफेचा मॅसी तांबडा, फरिदाबादेत १९७१ पासून निघालेला फोर्ड निळा, कुबोटा नारिंगी, जॉन डिअर हिरवा-पिवळा. नाव वाचायला जवळ जावे लागते, रंग अर्ध्या मैलावरून दिसतो.

फर्ग्युसनची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या गृहस्थाने तीन सांध्यांवर अवजार जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची युक्ती काढली. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे जी लिफ्ट आहे तिचे मूळ हेच. त्याचा १९३३ चा पहिला नमुना काळा होता. पुढे इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात टीई-२० हा लहान ट्रॅक्टर पाच लाखांवर निघाला. तो नखशिखांत राखाडी, इंजिनासकट. १९५३ साली फर्ग्युसन आणि मॅसी-हॅरिस या कंपन्या एक झाल्या. १९५६ च्या नव्या ट्रॅक्टरचा पत्रा राखाडी आणि इंजिन सोनेरी होते, आणि १९५७ अखेरीपासून मॅसी फर्ग्युसन तांबडा झाला. तोच तांबडा आपण आजवर पाहत आलो.

म्हणजे नातवाचे म्हणणे पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. पण नानाही खोटे बोलणारे नव्हेत. मग निकाल कसा लावायचा? निकाल ट्रॅक्टरनेच लावला.

खरवडण्याआधी पाहा

आपल्याकडे रंगकाम म्हटले की पहिला उद्योग खरवडण्याचा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला, तासाभरात पत्रा पांढराधोट. काम चोख दिसते. पण त्या तासाभरात साठ-सत्तर वर्षांचा पुरावा धूळ होऊन उडून जातो. तो पुन्हा मिळत नाही. नशिबाने नातवाने ग्राइंडर आणला होता, पण लावला नव्हता.

उघड्या पत्र्यावरचा रंग खोटा बोलतो. ऊन, पाऊस आणि शेण-मूत्राची वाफ यांनी तो बदललेला असतो. विशेषतः जुन्या तांबड्या रंगातले रंगद्रव्य उन्हाने मरते आणि वर खडूसारखी पांढुरकी भुकटी येते. म्हणून जुना तांबडा ट्रॅक्टर गुलाबी दिसू लागतो. निळा त्या मानाने बराच टिकतो. खरा रंग शोधायचा तो जिथे ऊन कधी लागले नाही तिथे : बॅटरीच्या ट्रेखाली, हत्यारपेटीच्या झाकणाच्या आतून, डिझेल टाकीच्या पट्ट्यांखाली, मडगार्ड जिथे बोल्टाने बसते त्या सांध्यात, आणि जिथे वर्षानुवर्षे ग्रीसचा थर साचला आहे तिथे. ग्रीसइतका चांगला राखणदार नाही. रॉकेलच्या चिंधीने तो पुसला की खालचा रंग काल मारल्यासारखा निघतो.

आम्ही प्रथम पाहिली ती डॅशवरची कंपनीची पट्टी, जिच्यावर मॉडेल आणि नंबर ठोकलेला असतो. तिचा एक रिव्हेट आधीच गेलेला होता. कोपरा जरासा उचलला, बॅटरीचा उजेड टाकला. खाली राखाडी. नातू हसला.

मग नाना म्हणाले, "आता मागली नंबरप्लेट काढ." ती काढली. गंजलेले दोन बोल्ट, थोडे तेल, थोडे ठोके. खाली तांबडा, टवटवीत, ताज्या मिरचीसारखा. आता नाना हसले.

दोघेही खरे होते. कंपनीची पट्टी कारखान्यात बसली, म्हणून तिच्याखाली कारखान्याचा रंग. नंबरप्लेट बसली ती ट्रॅक्टर नानांच्या घरी आल्यावर, म्हणून तिच्याखाली घरी आला त्या दिवसाचा रंग. मधल्या काळात कोणीतरी, बहुधा विकणाऱ्यानेच, तो तांबडा करून विकला होता. त्या वेळी नवा मॅसी तांबडा निघू लागला होता, तेव्हा जुना नव्यासारखा दिसावा ही त्यामागची अटकळ असावी.

कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर

एका जागेवर विसंबू नये हाही धडा त्याच दिवशी मिळाला. डाव्या मडगार्डच्या आत आम्हाला निळा रंग दिसला आणि सगळेच गोंधळले. चिरंजिवांना मग आठवले की जुने मडगार्ड सडल्यावर त्यांनीच कुदळवाडीच्या भंगारातून दुसरे आणून बसवले होते. म्हणजे तो निळा दुसऱ्याच कोणा ट्रॅक्टरचा. (कुदळवाडीची ती भंगाराची दुकाने आणि शेड महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. आता असा जुना पत्रा मिळणे आणखी अवघड झाले आहे, म्हणून असलेला पत्रा फेकू नका.) निदान तीन जागी एकच रंग सापडला तरच तो त्या यंत्राचा मानावा.

थर पाहण्याची रीत अशी. रुपयाएवढी जागा घ्यावी. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, मध्यभागी थेट पत्र्यापर्यंत घासावे आणि कडेकडे हलका हात ठेवावा. मग ८०० आणि १२०० नंबरने गुळगुळीत करावे. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी कडी दिसू लागतात. या ट्रॅक्टरवर बाहेरून आत अशी कडी निघाली : वर फिकट नारिंगी-तांबडा, तो साधारण १९८५ च्या सुमारास बाजारात मारून घेतलेला. त्याखाली पुट्टी. त्याखाली नानांचा तांबडा. त्याखाली राखाडी. त्याखाली अस्तर. आणि मग लोखंड.

येथे एक सावधगिरी. सगळ्यात खालचा रंग तो मूळ, असे समजून पुष्कळजण फसतात. सगळ्यात खाली बहुधा प्रायमर असतो. रेड ऑक्साइडचा प्रायमर विटकरी असतो, त्यालाच कंपनीचा तांबडा समजून आख्खा ट्रॅक्टर विटकरी केल्याचे आम्ही पाहिले आहे. प्रायमरला चकाकी नसते आणि नख मारले तर तो खडबडीत लागतो.

आणखी एक खूण नातवाने दाखवली. राखाडी थर सगळीकडे सारखा होता, म्हणजे गनने मारलेला. त्यावरच्या तांबड्यात भिंग लावल्यावर ब्रशच्या बारीक रेघा दिसल्या. कोणा पेंटरने तो हाताने लावला होता.

रंग जुळवणे

आता प्रश्न आला की मारायचा कोणता? नानांनी शांतपणे सांगितले, "कंपनीचा रंग कंपनीला. माझ्या बापाने घरी आणला तो तांबडा. मला जाताना तो तांबडा बघायचाय." यावर कोणी काही बोलले नाही.

पण त्यामुळे काम अवघड झाले. कंपनीच्या रंगाला नाव असते, नंबर असतो. गावच्या पेंटरने १९६३ साली डब्यातून काढलेल्या तांबड्याला कसला नंबर? दुकानात जाऊन 'लाल द्या' म्हणून भागत नाही. तयार रंगांसाठी आपल्याकडे आयएस ५ हे भारतीय मानक आहे. त्यातच ५३६ फायर रेड, ५३७ सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड असे शेजारी-शेजारी बसलेले लाल आहेत. वेगवेगळे पाहिले तर तिन्ही तांबडे, एकाला एक लावून धरले तर तीन निराळे.

पहिली चूक आमचीच झाली. नमुना म्हणून बॉनेटच्या वरचा तुकडा दिला, म्हणजे उन्हाने मेलेला, शिवाय १९८५ चा. दुसरी चूक पट्ट्यातल्या एका दुकानात झाली. तेथे ट्यूबलाइटखाली रंग जुळवून दिला. दुकानात तो तंतोतंत वाटला. अंगणात उन्हात आणला तर गाजरासारखा नारिंगी.

हे का होते ते नातवाने समजावून सांगितले, आणि तो त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. रंग वस्तूत एकटा नसतो. उजेड, वस्तू आणि डोळा या तिघांचा मिळून तो होतो. ट्यूबच्या उजेडात काही रंग भरपूर आणि काही फार कमी असतात, सूर्याच्या उजेडात सगळे असतात. जुन्या डब्यातले रंगद्रव्य वेगळे, आजच्या डब्यातले वेगळे. दोन्ही एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात फुटतात. मोटारीचा पत्रा एका ठिकाणी रंगतो आणि प्लास्टिकचा बंपर पुष्कळदा दुसऱ्या कारखान्यात. दोन्ही गाडीवर एकत्र आल्यावर कोणत्याही उजेडात फरक दिसता कामा नये, म्हणून चाकणच्या पेंट शॉपमध्ये वेगवेगळ्या दिव्यांखाली ते तपासतात. शिवाय रंग मोजण्याचे यंत्र असते. ते पत्र्यावर उजेड टाकते, परत आलेला उजेड मोजते आणि रंग तीन आकड्यांत सांगते : किती उजळ-काळपट, किती तांबडा-हिरवा, किती पिवळा-निळा. दोन रंगांतला फरक साधारण एक आला तर चांगल्या डोळ्यालाही तो जेमतेम कळतो.

दुसऱ्या खेपेस नंबरप्लेटमागचा पत्राच काढून मोटारींचे रंग मिसळून देणाऱ्या एका पेंटरकडे नेला. आधी पाणी आणि साबणाने धुतला, मग रबिंग कंपाउंडने हलके घासून वरची मळी काढली. यंत्राने जवळचे प्रमाण दिले, शेवटचे काम मात्र डोळ्यानेच झाले. त्याची रीत कोणालाही घरी करता येईल अशी आहे :

१. पत्र्याचे चार-चार इंची तुकडे कापून घ्यावेत. प्रत्येकाला प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात मारावेत. डब्यातला ओला रंग पाहून निर्णय घेऊ नये. ओला आणि वाळलेला रंग एक नसतो. एक दिवस पूर्ण वाळू द्यावा.

२. प्रत्येक तुकड्यामागे किती ग्रॅम कोणता रंग घातला ते लिहावे. तांबड्यात पिवळा गेला की नारिंगी होतो, काळा गेला की मरतो. काळा थेंबाथेंबानेच घालावा.

३. सकाळी दहाच्या सुमारास मोकळ्या सावलीत, मग भर उन्हात, मग घरातल्या दिव्याखाली नमुना जुन्या रंगाला चिकटवून पाहावा. मध्ये फट ठेवू नये.

४. तांबड्याकडे एकटक पाहू नये, डोळा थकतो. मध्ये मध्ये सिमेंटच्या भिंतीकडे पाहावे.

आणि पाचवी गोष्ट, जी आम्हाला अगदी शेवटी कळली. खालचे अस्तर बदलले की वरचा तांबडाही बदलतो. विटकरी प्रायमरवर मारलेला नमुना जड, काळपट दिसत होता. नातवाच्या डोक्यात प्रकाश पडला. नानांचा तांबडा राखाडीवर मारलेला होता! मग नमुन्याला आधी राखाडीचा हात दिला, वर तोच तांबडा. वाळल्यावर नंबरप्लेटच्या जागी ठेवला आणि नाना म्हणाले, "हा."

मग असे ठरले की साऱ्या ट्रॅक्टरला कंपनीच्या पट्टीखाली सापडला तसाच राखाडी आधी जुळवून मारायचा आणि त्यावर तांबडा. डॅशवर पट्टीभोवती वीतभर जागा राखाडीच ठेवली. पुढे कोणी खरवडले तर त्याला दोन्ही रंग त्याच क्रमाने सापडतील.

जीव सांभाळून

आता जिवाच्या दोन गोष्टी, आणि त्या रंगापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांत शिसे असायचे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ते दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमच्या ट्रॅक्टरवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणून कोरडे घासू नये, ग्राइंडर लावू नये. पाणी लावून घासावे, खाली जुने प्लास्टिक अंथरावे आणि निघालेला गाळ गुंडाळून दूर ठेवावा. लेकरांना जवळ येऊ देऊ नये. आणि गोठ्याशेजारी हे काम मुळीच करू नये. गुरे रंगाचे पोपडे आणि जुन्या बॅटऱ्या चाटतात, आणि शिशाने गाय दगावते. आम्ही त्या दिवशी ट्रॅक्टर ढकलत खळ्यावर नेला तो याचसाठी.

दुसरे असे की हार्डनर घालून मारायचे आजचे पीयू रंग चकाकतात छान, पण गनने उडवताना त्यातल्या हार्डनरचा फवारा फुप्फुसात गेला तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला उपरणे बांधून तो अडत नाही. कारखान्यात त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि बंद खोली असते. ती आपल्या अंगणात नाही. त्यापेक्षा साधा सिंथेटिक इनॅमल घ्यावा. त्यात हार्डनर लागत नाही, ब्रशनेही लागतो, स्वस्त पडतो, आणि जुन्या यंत्राला शोभते तेवढीच चकाकी देतो. त्याच्याही थिनरची वाफ बाधते, तेव्हा काम उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच करावे. नातू रोज हेच काम करतो, तरी घरी गन न लावता ब्रशच हाती घेतला. नानांच्या तांबड्यावर रेघा ब्रशच्याच होत्या, हे एक बरे झाले.

नोंद ठेवा

सर्वांत शेवटी एक पुठ्ठा लिहून हत्यारपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. तारीख, कोणत्या जागी कोणता थर सापडला, राखाडीचे प्रमाण, तांबड्याचे प्रमाण, डब्याचे नाव. आपण उसाची लागण, तोडणी, वजन सारे लिहितो आणि यंत्राचे मात्र तोंडीच ठेवतो. तोंडी गोष्ट माणसाबरोबर जाते.

एव्हरेस्टवीर हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीच्या लहान फर्ग्युसन ट्रॅक्टरवरून. बर्फात दुरून दिसावेत म्हणून तेही तांबडे रंगवले होते. हे आम्ही नानांना सांगितले. ते म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो?"

खंडेनवमीला आम्ही पुन्हा मोशीला गेलो. अंगणात झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर उभा होता. नंबरप्लेट जुनीच, तिच्या जागी बसवलेली. नानांनी बॉनेटला हळद-कुंकू लावले आणि हात तिथेच ठेवून उभे राहिले. नातवाने स्टार्टर दाबला. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागले.

ज्या सभासदांकडे असे जुने यंत्र असेल त्यांना आमची एवढीच विनंती आहे. ग्राइंडर आणण्यापूर्वी एकदा पट्ट्यांखाली डोकावून पाहा, आणि घरात जे वडीलधारे आहेत त्यांना आधी विचारा.